उपग्रहाच्या सिग्नलला उशीर कुठं होतो?

प्रश्न : मार्चमध्ये आमच्या शेताची मोजणी झाली. मोजणीदार रोव्हर घेऊन आले होते. सकाळी काम भराभर उरकलं, पण दुपारी दीडनंतर यंत्र ‘फिक्स’ (पक्की जागा) देईना, नुसतं ‘फ्लोट’ (अंदाजी जागा) दाखवत राहिलं. आभाळ निरभ्र होतं, जवळपास झाडही नव्हतं. मोजणीदार म्हणाले, “वरच्या हवेत गडबड आहे, उद्या सकाळी येतो.” ही वरची हवा म्हणजे नेमकी कोणती? आणि जिथं विमानसुद्धा पोचत नाही तिथं गडबड आहे हे कुणाला कसं कळतं?
(एक शेतकरी वाचक, तासगाव, जि. सांगली)

उत्तर : मोजणीदारांनी सांगितलं ते खरं आहे आणि काम सकाळवर ढकललं तेही योग्यच केलं. ढग, पाऊस, वावटळ हा सगळा कारभार जमिनीपासून पंधरा-सोळा किलोमीटरच्या आत चालतो. त्यांच्या बोलण्यातली वरची हवा त्याच्या कितीतरी वर, साधारण 60 किलोमीटरपासून सुरू होते आणि हजार किलोमीटरच्या आसपास विरून जाते. तिला आयनांबर म्हणतात. तिथली हवा इतकी विरळ असते की आपल्या हिशेबी ती पोकळीच. पण सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण आधी तिच्यावरच पडतात आणि तिथल्या अणू-रेणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे करतात. सुमारे 300 किलोमीटर उंचीवर हे सुटे इलेक्ट्रॉन सर्वांत दाट असतात. भर दुपारी तिथं एका घन सेंटिमीटरमध्ये दहा लाखांच्या आसपास इलेक्ट्रॉन असतात, तरी हजार अणूंमागे फुटलेला असतो एखादाच. ढगांचा या सगळ्याशी संबंध नाही, म्हणून निरभ्र आभाळाचा तुमच्या मोजणीला काही उपयोग झाला नाही.

रोव्हर जीपीएस आणि त्यासारख्या इतर उपग्रहांचे रेडिओ सिग्नल घेतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. उपग्रह डोक्यावर असेल तर सिग्नलला खाली यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. या वेळेला प्रकाशाच्या वेगानं गुणलं की उपग्रह किती लांब आहे ते निघतं. हा गुणाकार पोकळीत अचूक ठरतो. सुट्या इलेक्ट्रॉनांच्या थरातून येताना मात्र सिग्नलवरचा संकेत रेंगाळतो. वाटेत इलेक्ट्रॉन जितके जास्त तितका तो जास्त रेंगाळतो, आणि यंत्राला वाटतं की उपग्रहच थोडा लांब गेलाय.

हा उशीर किती असतो? रोव्हरपासून उपग्रहापर्यंत एक चौरस मीटर जाडीचा उभा खांब कल्पा आणि त्यातले सगळे सुटे इलेक्ट्रॉन मोजा. एकावर सोळा शून्यं एवढे इलेक्ट्रॉन म्हणजे एक टेक युनिट. एका युनिटमुळे जीपीएसच्या 1575.42 मेगाहर्ट्झच्या मुख्य सिग्नलमध्ये सुमारे 16 सेंटिमीटरची चूक शिरते. पहाटे महाराष्ट्राच्या आकाशात हा आकडा दहा-पंधरापर्यंत उतरतो. सूर्य आपल्या अकरा वर्षांच्या चक्रात भरात असताना मार्चच्या दुपारी तो शंभराच्या घरात जातो. म्हणजे चूक 16 मीटरची. बांधावरून भांडणं व्हायला एक फूट पुरतो, तिथं हा आकडा केवढा मोठा आहे ते तुम्हाला सांगायला नको.

यावरचा उपाय जुना आहे आणि फार देखणा आहे. उपग्रह एकाच क्षणी दोन वेगवेगळ्या वारंवारितांवर सिग्नल सोडतो. जीपीएसचा दुसरा सिग्नल 1227.60 मेगाहर्ट्झवर असतो. वारंवारिता जितकी कमी तितका उशीर जास्त, त्यामुळे दोन्ही सिग्नल बरोबर निघूनही मागेपुढे पोचतात. जत्रेच्या गर्दीतून एक चपळ पोर आणि डोक्यावर पाटी घेतलेला एक माणूस एकाच वेळी निघाले, तर दुसऱ्या टोकाला त्यांच्या पोचण्यात जे अंतर पडेल त्यावरून गर्दी किती दाट होती ते गर्दीत न शिरताही सांगता येईल. इथं गर्दी इलेक्ट्रॉनांची आहे. दोन सिग्नलांच्या पोचण्यातला फरक सेकंदाच्या अब्जांश भागांत असतो, पण तो मोजता येतो, आणि त्यावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन होते याचा थेट आकडा मिळतो.

मोजणीदाराला हा आकडा वजा करून टाकायचा असतो. आयनांबराचा अभ्यास करणाऱ्याला नेमका तोच हवा असतो. एकाची अडचण हेच दुसऱ्याचं मोजमाप, आणि दोघांना यंत्र एकच लागतं. वरच्या वातावरणाबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे त्यातला मोठा भाग अशा नको असलेल्या चुका जपून ठेवल्यामुळे कळलेला आहे, असं मी अगदी मनापासून म्हणेन.

यात आणखी एक बारकावा आहे. सिग्नलवरचा संकेत जेवढा मागं पडतो, तेवढीच त्याची मूळ लहर पुढं सरकलेली दिसते. लहरीचं हे सरकणं मिलिमीटरच्या हिशेबात मोजता येतं. त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या संख्येत एका युनिटच्या शंभराव्या भागाइतका बदल झाला तरी तो पकडता येतो. 300 किलोमीटर उंचीवरच्या एवढ्या विरळ हवेतली इतकी हलकी थरथर जमिनीवर उभ्या केलेल्या एका खांबावरच्या यंत्रानं टिपता येते, हे लक्षात आलं की त्या खांबाकडे पाहण्याची नजर बदलते.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, तिथं कुणी गेलंय का? हवामान खात्याचा फुगा तीस-पस्तीस किलोमीटरवर फुटतो. उपग्रह 200 किलोमीटरच्या खाली फार काळ टिकत नाही, हवेच्या घर्षणानं तो खाली येऊन जळतो. मधल्या पट्ट्यात जातं ते फक्त रॉकेट, आणि तेही काही मिनिटांपुरतं. केरळातल्या थुंब्याहून 21 नोव्हेंबर 1963 रोजी सुटलेलं पहिलं रॉकेट याच पट्ट्यासाठी होतं. त्यानं वर सोडियमची वाफ सोडली आणि ती वाफ कशी पसरते यावरून तिथल्या वाऱ्यांचा अंदाज घेतला गेला. काही मिनिटांची ही भेट मोलाची असली तरी रोजची नोंद अशी ठेवता येत नाही. म्हणून सगळी मदार रेडिओवर.

रेडिओला हे काम पहिल्यापासून सवयीचं आहे. 12 डिसेंबर 1901 रोजी मार्कोनीनं इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघालेला संदेश अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये ऐकला. सरळ रेषेत जाणारी लहर पृथ्वीच्या बाकाला वळसा घालून पोचली कशी, या कोड्याचं उत्तर पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड या दोघांनी स्वतंत्रपणे सुचवलं: वर कुठंतरी वीज वाहून नेणारा थर असला पाहिजे. 1924 मध्ये अ‍ॅपल्टननं बीबीसीचं प्रक्षेपण वापरून तो थर आहे हे दाखवलं आणि त्याची उंचीही काढली. या कामासाठी त्याला 1947 चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी कोलकात्याहून शिशिरकुमार मित्रांचा ‘द अपर अ‍ॅटमॉस्फिअर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

जमिनीवरून वर लहर सोडायची आणि तिचा प्रतिध्वनी ऐकायचा, ही पद्धत आजही चालू आहे. तिची मर्यादा एकच, पण मोठी. इलेक्ट्रॉन सर्वांत दाट असतात त्या उंचीपर्यंतच प्रतिध्वनी येतो. त्याहून जास्त वारंवारितेची लहर परत न येता अवकाशात निघून जाते. म्हणजे शिखराच्या वर काय आहे ते खालून दिसतच नाही, आणि एकूण इलेक्ट्रॉनांपैकी निम्म्याहून जास्त तर तिथंच असतात.

हा पडदा 4 ऑक्टोबर 1957 रोजी दूर झाला. स्पुटनिक 20.005 आणि 40.002 मेगाहर्ट्झवर ‘बीप बीप’ करत फिरू लागला. त्याचे सिग्नल हौशी रेडिओवाल्यांच्या यंत्रांवरही ऐकू येत होते. उपग्रह क्षितिजावर उगवताना आणि मावळताना सिग्नल किती वाकतो, यावरून सोव्हिएत शास्त्रज्ञांनी शिखराच्या वरची इलेक्ट्रॉनांची घनता काढली. त्याच सुमारास अमेरिकेत गायर आणि वायफेनबाख यांनी त्या बीपच्या बदलत्या सुरावरून स्पुटनिकची कक्षा शोधली. त्यातून जहाजांना मार्ग दाखवणारी ट्रान्झिट ही उपग्रहमालिका उभी राहिली. आयनांबरामुळे येणारी चूक काढण्यासाठी ट्रान्झिटला 150 आणि 400 मेगाहर्ट्झ असे दोन सिग्नल दिले होते. तुमच्या शेतात उभ्या असलेल्या रोव्हरची वंशावळ ही अशी आहे.

भारतात या अभ्यासाला बळ मिळालं ते एका वेगळ्याच निमित्तानं. 1975-76 मध्ये ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांना अमेरिकेच्या एटीएस-6 या उपग्रहावरून दूरचित्रवाणी दाखवली गेली. या उपग्रहावर 40, 140 आणि 360 मेगाहर्ट्झचे रेडिओ दीपही (सतत सिग्नल सोडणारी यंत्रंही) होते. तो वर्षभर पूर्व आफ्रिकेच्या वर स्थिर राहणार म्हणून भारतीय शास्त्रज्ञांनी उटीपासून पतियाळापर्यंत ठिकठिकाणी ग्राहक, म्हणजे सिग्नल घेणारी यंत्रं, मांडले. खेड्यापाड्यांतली माणसं शेतीचे कार्यक्रम पाहत होती, तेव्हा त्याच उपग्रहाच्या सिग्नलवरून भारतावरच्या इलेक्ट्रॉनांची तासातासाला नोंद होत होती.

ती नोंद महत्त्वाची ठरली, कारण भारतावरचं आयनांबर युरोप-अमेरिकेसारखं शांत नाही. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून, तिरुअनंतपुरमच्या आसपासून जातं. तिथं चुंबकीय बलरेषा जमिनीला समांतर असतात. दिवसा पूर्वेकडे रोख असलेलं विद्युत क्षेत्र या आडव्या रेषांवर काम करतं आणि इलेक्ट्रॉन वर उचलले जातात. खूप उंच गेले की ते बलरेषांवरून उत्तर-दक्षिणेला घसरत खाली येतात. परिणामी ऐन विषुववृत्तावर इलेक्ट्रॉन कमी आणि दोन्ही बाजूंना साधारण पंधरा अंशांवर त्यांचे ढीग, असं चित्र दुपारी तयार होतं. भारतातला ढीग साधारण अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात पडतो.

महाराष्ट्र या ढिगाच्या उतारावर आहे. कोल्हापूरवरचा आकडा आणि जळगाववरचा आकडा एकाच दुपारी एकमेकांशी जुळत नाहीत. तुमच्या मोजणीत नेमकं हेच आडवं आलं असावं. रोव्हर एकटा काम करत नाही. त्याला दूरच्या एका बेस स्थानकाकडून दुरुस्ती मिळते. बेसच्या डोक्यावर जे आयनांबर आहे तेच रोव्हरच्याही डोक्यावर आहे, असं धरून ती दुरुस्ती लावली जाते. सकाळी हे गृहीतक बऱ्यापैकी खरं असतं. मार्चच्या दुपारी, सूर्य भरात असताना, वीस-तीस किलोमीटरवरही ते डळमळतं. मग लहरींची मोजदाद जुळत नाही आणि यंत्र ‘फ्लोट’वर अडकतं. बेस जवळ असेल तर हा त्रास कमी होतो. अशा दिवसांत सकाळी सात ते अकरा ही वेळ सर्वांत चांगली.

सूर्यास्तानंतरचा प्रकार वेगळा आहे आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत विलक्षण. ऊन सरलं की आयनांबराचा खालचा भाग झपाट्यानं विरळ होतो, पण वरचा दाट थर आणखी वर उचलला जातो. दाट थर वर आणि विरळ खाली, ही मांडणी टिकत नाही. खालचे विरळ भाग बुडबुड्यांसारखे वर घुसतात. काही बुडबुडे हजार किलोमीटर उंचीही ओलांडतात, चुंबकीय बलरेषांवरून उत्तर-दक्षिणेला हजारो किलोमीटर ताणले जातात आणि सेकंदाला सुमारे शंभर मीटर वेगानं पूर्वेकडे सरकतात. बुडबुड्याच्या फाटक्या कडांमधून येणारा सिग्नल तारा लुकलुकावा तसा लुकलुकतो, कधी काही क्षण नाहीसाच होतो. आपल्याकडे हे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, रात्री आठ ते मध्यरात्र या वेळेत जास्त घडतं.

हे बुडबुडे नुसत्या गणितातले नाहीत, ते पाहता येतात. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपासून परंपरा सांगणारी आणि आता नवीन पनवेलला असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारातून आकाशाची छायाचित्रं घेते. सुमारे 250 किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन रात्री अतिशय मंद तांबडा उजेड देतो. डोळ्यांना तो दिसत नाही, खास कॅमेऱ्याला दिसतो. त्या उजेडात बुडबुडे काळ्या पट्ट्यांसारखे उमटतात. त्याच वेळी जीपीएसच्या नोंदीत इलेक्ट्रॉनांचा आकडा खड्ड्यात पडल्यासारखा उतरलेला असतो. दोन्ही साक्षी जुळतात तेव्हा शंका उरत नाही. कॅमेऱ्याला मात्र अमावास्येच्या आसपासची निरभ्र रात्र लागते. रेडिओला ढगांचं, चांदण्याचं, पावसाचं काही वाटत नाही, आणि दीर्घ नोंदींसाठी हाच फायदा निर्णायक ठरतो.

विमानांना उतरताना मदत करणारी आपली ‘गगन’ यंत्रणा उभी करताना इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणासमोरची मोठी अडचण हीच होती. शांत आकाशासाठी बनवलेली गणितं इथं पुरी पडत नव्हती, म्हणून भारतीय आयनांबरासाठी वेगळं प्रारूप तयार करावं लागलं. देशभरच्या 15 संदर्भकेंद्रांवरून सिग्नलांचा उशीर सतत मोजला जातो आणि दुरुस्ती उपग्रहामार्फत विमानांना जाते. ‘नाविक’ या आपल्या मार्गदर्शक उपग्रहमालिकेत तर दोन सिग्नल एकमेकांपासून खूप दूर ठेवले आहेत: 1176.45 आणि 2492.028 मेगाहर्ट्झ. दुसऱ्याची वारंवारिता एवढी मोठी की त्याला आयनांबराचा त्रास बराच कमी होतो.

प्रश्न : भूकंपाआधी आकाशातल्या इलेक्ट्रॉनांत बदल होतो आणि तो उपग्रहाच्या सिग्नलवरून कळतो, असा एक व्हिडिओ पाहिला. आम्ही कोयना परिसरात राहतो. आम्हाला याचा उपयोग होईल का?
(पाटण, जि. सातारा)

उत्तर : तुम्ही जिथं राहता तिथं हा प्रश्न कुतूहलापुरता नसतो, म्हणून स्पष्ट सांगतो. भूकंपाआधीची सूचना या मार्गानं आज मिळत नाही.

भूकंपानंतर मात्र आयनांबर हलतं, आणि हे निर्विवाद आहे. 11 मार्च 2011 रोजी जपानच्या तोहोकूजवळ समुद्रतळ उचलला गेला, तसं वरचं पाणी उचललं गेलं आणि पाण्यानं हवेला धक्का दिला. हवा वर विरळ होत जाते, त्यामुळे धक्क्याची लहर वर चढताना मोठी होत जाते. सात ते दहा मिनिटांत ती आयनांबरात पोचली. जपानमध्ये जमिनीची हालचाल मोजण्यासाठी बाराशेहून जास्त जीपीएस केंद्रांचं जाळं आहे. त्या जाळ्यात इलेक्ट्रॉनांच्या संख्येतली वर्तुळाकार वलयं केंद्रापासून बाहेर पसरताना स्पष्ट दिसली. 15 जानेवारी 2022 रोजी टोंगाजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला, तेव्हा तर ही वलयं जगभर नोंदली गेली. त्सुनामी खोल समुद्रातून जाताना पाण्याची पातळी जेमतेम काही सेंटिमीटर ते मीटरभर उचलते. जहाजावरच्या माणसाला ते जाणवतही नाही, पण त्याचे पडसाद वर उमटतात. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेनं अशा खुणा लगेच ओळखणारी ‘गार्डियन’ नावाची यंत्रणा तयार केली आहे. त्सुनामी किनाऱ्यावर पोचायला अवकाश असतो, तेवढ्या वेळात या खुणांचा खरा उपयोग होऊ शकतो.

आधीच्या सूचनेचं काय? होक्काइडो विद्यापीठाचे कोसुके हेकी यांनी 2011 मध्ये असं मांडलं की तोहोकूच्या भूकंपाआधी सुमारे 40 मिनिटं इलेक्ट्रॉनांचा आकडा वाढू लागला होता. इतर संशोधकांनी त्याच नोंदी तपासून आक्षेप घेतला. भूकंपामुळे नंतर आलेली घट हिशेबात धरली की आधीची वाढ उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला आक्षेप घेणाऱ्यांची बाजू जास्त भक्कम वाटते. आयनांबर सूर्यामुळे, चुंबकीय वादळांमुळे, खालच्या वाऱ्यांमुळे रोजच हलत असतं. इतक्या हालचालीत भूकंपाआधीचा एखादा बदल मागाहून शोधून काढणं सोपं असतं, आधी सांगणं अवघड. शिवाय नंतरच्या खुणाही साधारण साडेसहा रिश्टरच्या पुढच्या धक्क्यांनंतरच नीट दिसतात. कोयना परिसरात नेहमी जाणवणारे तीन-चार रिश्टरचे धक्के आयनांबरापर्यंत पोचतच नाहीत.

त्यामुळे असा व्हिडिओ पाहून घराबाहेर झोपू नका, आणि दुसऱ्या एखाद्या व्हिडिओनं ‘काही धोका नाही’ म्हटलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. पक्क्या बांधकामाला तिथं पर्याय नाही.

प्रश्न : जीपीएसच्या सिग्नलवरून हवामानाचा अंदाज करतात हे खरं आहे का?
(पुणे)

उत्तर : खरं आहे, आणि ही कल्पना आपल्याकडे मंगळावरून आली. 1965 च्या जुलैमध्ये मरिनर-4 हे यान मंगळाच्या मागं गेलं. मागं जाताना त्याचा सिग्नल ग्रहाच्या वातावरणाला घासून आला आणि किंचित वाकला. त्या वाकण्यावरून कळलं की मंगळावरचा हवेचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. तोवरचे अंदाज कितीतरी जास्त होते. पॅराशूटच्या भरवशावर मंगळावर उतरण्याचे बेत त्यानंतर नव्यानं आखावे लागले.

हीच रीत 1995 पासून पृथ्वीसाठी वापरली जाते. खालच्या कक्षेतला एक छोटा उपग्रह क्षितिजाआड मावळणाऱ्या जीपीएस उपग्रहाकडे पाहत राहतो. सिग्नल आधी आयनांबरातून, मग हळूहळू खालच्या हवेतून येतो. आयनांबराचा वाटा दोन वारंवारितांच्या फरकावरून वेगळा काढला जातो. उरलेल्या वाकण्यावरून तापमान आणि खालच्या थरांत आर्द्रता मिळते. तैवान आणि अमेरिकेच्या कॉस्मिक-2 या सहा उपग्रहांकडून अशा उभ्या नोंदी रोज हजारोंनी येतात, त्याही विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यातून. आपल्या मान्सूनसाठी अरबी समुद्र आणि हिंदी महासागरावरची हवा कळणं गरजेचं असतं आणि तिथं फुगे सोडायला कुणी नसतं, म्हणून या नोंदींना मोल आहे. इस्रोनंही 2009 च्या ओशनसॅट-2 आणि 2011 च्या मेघा-ट्रॉपिक्सवर असं उपकरण पाठवलं होतं.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. साध्या मोबाईलवर आयनांबराचा प्रकल्प करता येईल का?
(मडगाव, गोवा)

उत्तर : येईल, आणि जरूर कर. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये गुगलच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की जगभरच्या सुमारे चार कोटी अँड्रॉइड फोनांच्या नोंदी एकत्र केल्या तर आयनांबराचा नकाशा काढता येतो. एकेक फोन फार अचूक नसतो, पण लाखोंची सरासरी घेतली की चुका एकमेकींना खातात. त्या नकाशात भारतावरचे बुडबुडेही दिसले, आणि जिथं एकही वेधशाळा नाही असे प्रदेश पहिल्यांदा भरले गेले.

तुझ्याकडे फोन एकच आहे, म्हणून नकाशाच्या मागं लागू नकोस. सिग्नलचं लुकलुकणं हा विषय घे. फोन दोन वारंवारितांचा असेल, म्हणजे एल-1 (वर सांगितलेला 1575.42 मेगाहर्ट्झचा मुख्य सिग्नल) आणि एल-5 (1176.45 मेगाहर्ट्झचा) दोन्ही घेत असेल, तर उत्तम. 2018 नंतरच्या बऱ्याच फोनांत ही सोय आहे. गुगलचं ‘जीएनएसएस लॉगर’ हे अ‍ॅप कच्च्या नोंदी फाइलमध्ये साठवतं. तीत प्रत्येक उपग्रहाच्या सिग्नलची ताकद सेकंदासेकंदाला मिळते. फोन गच्चीवर मधोमध, उताणा, न हलवता ठेव. मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या संध्याकाळी सूर्यास्तापासून मध्यरात्रीपर्यंत नोंद घे. पावसाळी सप्टेंबरात फोनवर प्लॅस्टिक घातलं तरी चालेल.

तुलनेसाठी हैदराबाद आणि बेंगळुरूच्या आंतरराष्ट्रीय उपग्रह-मार्गदर्शन (जीएनएसएस) केंद्रांच्या नोंदी इंटरनेटवर फुकट मिळतात. त्या व्यावसायिक दर्जाच्या ग्राहक-यंत्रांच्या आहेत, त्यामुळे इलेक्ट्रॉनांची संख्या काढायचा सराव त्यांच्यावरच कर. दोन वारंवारितांच्या फरकाचं सूत्र एका ओळीचं आहे. खरा वेळ उपग्रह आणि ग्राहक यांच्या स्वतःच्या चुका वेगळ्या काढण्यात जाईल, आणि शिकायला मिळेल तेही तिथंच.

परीक्षक एक प्रश्न हमखास विचारतील: सिग्नल खालीवर झाला तो बुडबुड्यामुळे कशावरून, शेजारच्या इमारतीवरून उसळलेल्या लहरीमुळे कशावरून नाही? याचं उत्तर दोन कसोट्यांत आहे. बुडबुड्यामुळे होणारं लुकलुकणं एल-1 पेक्षा एल-5 वर जास्त असतं, कारण त्याची वारंवारिता कमी आहे. दुसरी कसोटी जास्त भक्कम. जीपीएसचा प्रत्येक उपग्रह दुसऱ्या दिवशी आकाशात त्याच जागी येतो, पण सुमारे चार मिनिटं आधी. इमारतीमुळे पडलेला खळगा रोज चार-चार मिनिटं आधी, त्याच आकारात पुन्हा दिसेल. बुडबुड्याचा खळगा दुसऱ्या दिवशी तिथं नसेल. म्हणून एका रात्रीची नोंद घेऊन थांबू नकोस, सलग आठवडाभर घे, आणि रोज फोन त्याच फरशीवर, त्याच दिशेला ठेव.